विचित्र कल्चरच्या हेज फंडाची ऑफर आलीय? सही करण्याआधी काय काय तपासायचं

हेज फंडाची (म्हणजे श्रीमंत लोकांचा आणि संस्थांचा पैसा घेऊन बाजारात लावणाऱ्या खाजगी फंडाची) ऑफर आली की आधी आकडा दिसतो, आणि एकदा आकडा दिसला की मग बाकीचं फारसं काही दिसत नाही, माणसाचा स्वभावच तो. पण काही फंड असे आहेत की तिथे पगार ही त्या नोकरीतली सगळ्यात सोपी गोष्ट असते. मीटिंगा रेकॉर्ड होतात, सहकारी तुम्ही बोलत असतानाच तुम्हाला मार्क देतात, तुमच्या कमतरतांची यादी अख्ख्या ऑफिसला उघडून बघता येते. किंवा एकदम उलटं, शेजारच्या टीमला काय चाललंय ते विचारायचं नसतं आणि तोटा एका रेषेखाली गेला की त्याच दिवशी सामान आवरायला सांगतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कल्चर विचित्र आहे का नाही यावर डोकं लावण्यात फार अर्थ नाही, ते असणारच आहे. बघायचं ते दोन गोष्टींकडे: जे नियम खालच्यांना लागू आहेत ते वरच्यांना पण लागू आहेत का, आणि नाही जमलं तर बाहेर पडणं तुम्हाला परवडेल का. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या दोन प्रश्नांची खरी उत्तरं कशी काढायची यासाठी आहे. उदाहरणं अमेरिकेतली घेतलीत कारण या प्रकारचे नावाजलेले फंड बहुतेक तिथलेच.

पायरी १: विचित्रपणा नक्की कुठला ते आधी ओळखा

सगळ्यांना एकाच पोत्यात घालू नका. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला, सगळं उघड्यावर. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिजवॉटर, रे डालिओंनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्लॅटमधून सुरू केलेला, आता कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्टला असलेला फंड. तिथे जवळपास सगळ्या मीटिंगा रेकॉर्ड करायची पद्धत पडली, कुणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलायचं नाही असा नियम, चूक झाली तर ती इश्यू लॉगमध्ये नोंदवायची, चूक करणं चालतं पण लपवणं चालत नाही. प्रत्येकाचं एक बेसबॉल कार्ड, म्हणजे खेळाडूंचे आकडे असतात तसे तुमच्या बळाचे आणि कमकुवतपणाचे आकडे, आणि ते सगळ्यांना दिसतं.

दुसरा, विद्यापीठासारखा. रेनेसाँ टेक्नॉलॉजीज, जिम सायमन्स या गणितज्ञाने १९८२ मध्ये उभी केलेली, लाँग आयलंडवर. वॉल स्ट्रीटचा अनुभव असलेली माणसं मुद्दाम टाळायची आणि गणित, फिजिक्स, स्पीच रेकग्निशन वगैरेतली माणसं घ्यायची. आतमध्ये संशोधन एकमेकांना खुलं, बाहेर मात्र कडक गुप्तता. त्यांचा मेडॅलियन फंड बाहेरच्या गुंतवणूकदारांना कधीच बंद झालाय, आता त्यात मुख्यतः तिथलीच माणसं आहेत.

तिसरा प्रकार पॉड शॉप. मिलेनियम, सिटाडेल, पॉइंट७२ ही मंडळी. एका छपराखाली अनेक छोट्या टीम (यांनाच पॉड म्हणतात), प्रत्येकाचं आपलं भांडवल, आपली रिस्क लिमिट. मिलेनियमबद्दल वर्षानुवर्षं छापून येतं ते असं की भांडवलाच्या साधारण ५ टक्के तोटा झाला की भांडवल निम्मं करतात आणि साडेसात टक्क्यांच्या आसपास गेलात की टीम बंद. इथे कुणी तुमच्या स्वभावाचं विश्लेषण करत बसत नाही. आकडा बोलतो, बाकी सगळे गप्प.

तुम्हाला यातलं नक्की काय झेपणार नाही ते वेगवेगळं असू शकतं. तोंडावर टीका आनंदाने ऐकणारा माणूस पॉडमधल्या एकटेपणाने खचतो, आणि एकटं बसून काम करणारा माणूस रोजच्या मार्कांनी. त्यामुळे "मी टफ आहे, मला चालेल" हे वाक्य फार उपयोगाचं नाही, कशात टफ ते सांगा.

पायरी २: हे कल्चर कुठून आलं ते शोधा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मला वाटतं इथेच बरंच कळतं. विचित्र नियमामागे बहुतेक वेळा संस्थापकाची एखादी जखम असते.

डालिओंची गोष्ट त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलीय. १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज बुडवलं, त्याआधीपासून ते सांगत होते की मोठं कर्जसंकट येणार, आणि मग ते छातीठोकपणे म्हणत सुटले की आता मंदी येणार, टीव्हीवर गेले, अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली. झालं उलटं, शेअर बाजाराने नेमका तिथूनच वर जायला सुरुवात केली. पैसे गेले, माणसं सोडावी लागली, शेवटी वडिलांकडून चार हजार डॉलर उसने घ्यायची वेळ आली. त्यातून त्यांनी जो धडा काढला तो असा की "मी बरोबर आहे" या भावनेवर विश्वास ठेवायचा नाही, मला चूक ठरवणारी हुशार माणसं भोवती ठेवायची. पुढचं सगळं, रेकॉर्डिंग, मार्क, वाद घालणं सक्तीचं करणं, याला ते त्या धड्याशी जोडतात.

आता तुमचं काम हे की ज्या फंडाची ऑफर आहे तिथला नियम आजही त्या मूळ कारणासाठी वापरला जातोय का ते बघायचं. निर्णय सुधारण्यासाठी मीटिंग रेकॉर्ड करणं वेगळं आणि कुणाला तरी कोपऱ्यात गाठण्यासाठी रेकॉर्डिंग उकरून काढणं वेगळं. यंत्र तेच असतं.

आणि संस्थापक अजून आहे का तेही बघा. ब्रिजवॉटरमध्ये डालिओंनी २०२२ मध्ये नियंत्रण सोडलं, नीर बार डीया सीईओ झाले, २०२३ च्या मार्चमध्ये साधारण शंभर जणांना कमी केलं गेलं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे किस्से वाचून आजच्या कंपनीबद्दल मत बनवणं बरोबर नाही, आणि उलट बाजूने "आता ते सगळं बदललंय" असं एचआरने सांगितलं म्हणून मान डोलावणंही बरोबर नाही. काय बदललं, कधीपासून, आणि कुठला नियम रद्द झाला, असं नेमकं विचारा.

पायरी ३: आकडा ऐकण्याआधी स्वतःचा कागद लिहा

हे खरंच ऑफरच्या आधी करा, नंतर नाही, कारण नंतर मेंदू आकड्याच्या बाजूने वकिली करायला लागतो. एक पान पुरे. तीन गोष्टी लिहायच्या: मला इथून काय शिकायचंय (नेमकं, म्हणजे "फायनान्स" नाही तर "मॅक्रो रिसर्च कसा करतात" किंवा "मोठ्या डेटावर सिग्नल कसा तपासतात"), मी किती काळ देणार आहे, आणि काय झालं तर मी त्या दिवशी बाहेर पडणार. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. झोप उडाली आणि तीन महिने परत आली नाही, घरच्यांशी बोलणं बंद झालं, मला जे करायला सांगतात ते मी बाहेर कुणाला सांगू शकत नाही, असं काहीही असू शकतं. पण आधी लिहिलेलं पाहिजे, कारण आत गेल्यावर रेषा हळूहळू सरकते आणि आपल्याला कळतही नाही.

कागदावर तारीख टाका आणि घरातल्या एका माणसाला दाखवा, जो तुम्हाला तोंडावर सांगू शकेल असा.

पायरी ४: बाहेरून तपास

फुकटात मिळणारी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे फॉर्म एडीव्ही. अमेरिकेत एसईसीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेल्या प्रत्येक इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायजरला, म्हणजे दुसऱ्यांचा पैसा गुंतवणाऱ्या कंपनीला, तो भरावा लागतो, दरवर्षी अपडेट करावा लागतो, आणि एसईसीच्या साइटवर कुणालाही वाचता येतो. त्यात किती कर्मचारी, किती पैसा सांभाळतात, कंपनीवर किंवा तिच्या लोकांवर कारवाई झालीय का, सगळं असतं. मागच्या काही वर्षांचे आकडे पण एसईसी देते, ते शेजारी शेजारी ठेवून बघा. पैसा कमी होतोय आणि माणसं तेवढीच असतील तर पुढच्या वर्षी काय होणार ते कळायला ज्योतिषी नको. याच फॉर्मच्या भाग २ मध्ये फंड स्वतःच्या भाषेत फी, जोखीम, हितसंबंध लिहितो, कंटाळवाणं असतं पण वाचा.

मग लिंक्डइन. फंडाचं नाव आणि "माजी" असं शोधून निदान तीस-चाळीस प्रोफाइल बघा आणि प्रत्येकाने किती काळ काढला ते एका कागदावर टिपून घ्या. ब्रिजवॉटरबद्दल नेहमी सांगितलं जातं की नवीन आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश पहिल्या दीड-दोन वर्षांत जातात, आणि जुळवून घ्यायला तेवढा काळ लागतोच असं डालिओही म्हणत आलेत. गळती जास्त असणं म्हणजे वाईटच असं नाही, काही ठिकाणी तो चाळणीचा भाग असतो. पण गेलेले लोक पुढे कुठे गेले ते बघा. चौदा महिन्यांनी बाहेर पडून चांगल्या जागी लागलेत का, की प्रोफाइलवर वर्षभराची मोकळी जागा दिसते? मोकळी जागा दिसली तर ती करारामुळे सुद्धा असू शकते, त्याबद्दल पुढे.

माजी लोकांशी बोलताना एक लक्षात ठेवा, त्यांनी गोपनीयतेचे कागद सही केलेले असतात, त्यामुळे "तिथे कसं होतं?" असं विचारलंत की गुळमुळीत उत्तर मिळणार. असं विचारा: तुमचा तिथला एक साधा मंगळवार सांगा. पहिल्यांदा कडक फीडबॅक मिळाला तेव्हा त्या रात्री काय केलंत. तुम्ही वरिष्ठाला चूक म्हणालात असा एखादा प्रसंग, आणि पुढच्या महिन्यात काय झालं. आता कुणी तुमच्याशी खाजगीत तसं बोललं तर तुम्हाला कसं वाटतं. नोकरी सोडल्यावर किती दिवसांनी नीट झोप लागली. माणूस कुठे थांबतो, कुठे हसतो, यातून जेवढं कळतं तेवढं उत्तरातून कळत नाही.

दोन प्रकारची माणसं शोधा, दीड वर्षात गेलेला आणि आठ-दहा वर्षं टिकलेला. फक्त एकाचं ऐकलंत तर एक पंथ दिसेल नाहीतर एक छळछावणी, आणि दोन्ही चित्रं अपुरी असतील.

पायरी ५: इंटरव्ह्यूत तुम्ही पण त्यांना मार्क द्या

अशा फंडांचे इंटरव्ह्यू हाच तिथल्या कल्चरचा नमुना असतो. पर्सनॅलिटी टेस्ट असतात (डालिओंच्या लोकांनी बनवलेली प्रिन्सिपल्सयू नावाची टेस्ट ऑनलाइन फुकट आहे, एकदा देऊन बघा, निकालापेक्षा स्वतःबद्दल असं छापील वाचताना कसं वाटतं ते बघा). गटात वाद घालायला लावतात, विषय कुठलाही, आणि मग तुम्हालाच विचारतात की यात सगळ्यात कच्चा विचार कुणाचा होता. बरेच जण इथे गोड बोलायला जातात आणि पडतात, काही जण उगाच कडक व्हायला जातात आणि तेही पडतात.

इथे पहिला मोठा प्रश्न तपासायचा, नियम वर जातो का. डालिओंनी २०१७ च्या टेड टॉकमध्ये डॉट कलेक्टर दाखवला होता. मीटिंग चालू आहे, प्रत्येकाच्या हातात आयपॅड, समोरचा बोलतोय आणि बाकीचे त्याच वेळी त्याला एकेका गुणावर १ ते १० मध्ये ठिपके देतायत. त्यात चोवीस वर्षांच्या एका रिसर्चर मुलीने खुद्द डालिओंना ३ दिले होते, मोकळं मन आणि ठामपणा यांचा तोल जमला नाही म्हणून. शिवाय एका कर्मचाऱ्याने मीटिंगची तयारी केली नव्हती म्हणून डालिओंना "डी मायनस" ग्रेड देणारा मेल पाठवला होता, तोही त्यांनी स्टेजवर वाचून दाखवला.

ऐकायला भारी वाटतं. पण थोडा पुढचा विचार करा. या पद्धतीत सगळ्यांच्या मताला सारखं वजन नसतं, ज्याची त्या विषयातली विश्वासार्हता जास्त त्याच्या मताला जास्त वजन. कल्पना म्हणून चुकीची नाही, सर्जरीबद्दल मी आणि सर्जन यांचं मत सारखं धरू नये हे कुणीही मान्य करेल. पण नवीन माणसाची विश्वासार्हता शून्याजवळून सुरू होते आणि ती वाढते जुन्या लोकांनी दिलेल्या ठिपक्यांतून. म्हणजे साहेबाने तुम्हाला दिलेला ३ वजनदार आणि तुम्ही साहेबाला दिलेला ३ हलका. समानता दिसते तेवढी नसते. म्हणून इंटरव्ह्यूत हे विचारा, अगदी सरळ: "मागच्या वर्षभरात एखाद्या ज्युनियरच्या आक्षेपामुळे वरिष्ठांचा निर्णय बदलला असं एक उदाहरण सांगाल का? आणि तो ज्युनियर आता कुठे आहे?" तीन वेगवेगळ्या लोकांना विचारा. तिघांनी एकच जुनी गोष्ट सांगितली तर समजून जा. एकाने जरी परवाची, थोडी अडचणीची, पूर्ण न सुटलेली गोष्ट सांगितली तर ते चांगलं लक्षण.

पॉडमध्ये हाच प्रश्न वेगळा होतो. तिथे विचारायचं: पोर्टफोलिओ मॅनेजर (पीएम, टीमचा पैसा कुठे लावायचा ते ठरवणारा) गेला तर त्याच्या अॅनालिस्टचं काय होतं? किती जण दुसऱ्या टीममध्ये घेतले, किती जणांना दार दाखवलं? तिथे तुमचं कल्चर म्हणजे तुमचा पीएम, कंपनीचं कल्चर वगैरे विसरा.

पायरी ६: घरी तालीम

हे थोडं गमतीशीर वाटेल पण करून बघा. सध्याच्या नोकरीत तीन सहकाऱ्यांना सांगा की पुढचे दोन आठवडे प्रत्येक मीटिंगनंतर मला १ ते १० मध्ये मार्क द्या, तर्क, तयारी, ऐकून घेणं, आणि ५ च्या खाली असेल तर कारण लिहा. गोड बोलू नका म्हणून बजावा. आणि तुम्हीही त्यांना द्या, हा भाग सोडू नका.

पहिले दोन दिवस मजा वाटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी लिहितं, "प्रश्न नीट न ऐकताच उत्तर दिलंस, ४", आणि तेव्हा आतमध्ये काय होतं ते बघा. राग येणार, तो सगळ्यांनाच येतो. प्रश्न हा की संध्याकाळपर्यंत तुम्ही "तो बरोबर होता का" याचा विचार करताय की "त्याला उद्या किती द्यायचे" याचा. दुसरं होत असेल आणि दोन आठवडे होतच राहिलं तर उघड्या कल्चरचा फंड तुमच्यासाठी नाही, त्यात कमीपणा काही नाही. आणखी एक, मार्क द्यायचे आहेत म्हणून तुम्ही मीटिंगमध्ये कमी बोलायला लागलात का? तसं झालं तर ती जास्त मोठी खूण आहे.

पायरी ७: आकडा सोलून बघा

ऑफरमधला मोठा आकडा म्हणजे पगार नव्हे. बेस (ठरलेला पगार) वेगळा, बोनस वेगळा, आणि बोनस बहुतेक वेळा पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर. "टार्गेट बोनस" या शब्दाला कायद्याने फारशी किंमत नसते, पहिल्या वर्षाचा बोनस गॅरंटीड आहे का ते लेखी घ्या.

मग डिफरल. बोनसचा एक भाग आज मिळत नाही, दोन-तीन-चार वर्षांत हप्त्याने मिळतो आणि मध्येच सोडलंत तर जातो. समजा बोनस दोन लाख डॉलर आणि त्यातले ४० टक्के तीन वर्षांसाठी अडकवलेले, तर दरवर्षी अडकलेली रक्कम साचत जाते आणि तिसऱ्या वर्षी सोडायचं म्हटलं की दीड लाखाच्या वर पाणी सोडावं लागतं. तेव्हा कल्चर सहन होत नसलं तरी माणूस म्हणतो एवढं वर्ष काढू, आणि पुढच्या वर्षी परत तेच. लोक आत अडकतात ते इथे. साइन-ऑन बोनस (रुजू होताना मिळणारा) असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत द्यावा लागतो ते बघा, आणि काढून टाकलं तरीही द्यावा लागतो का तेही.

फंड कसा कमावतो तेही समजून घ्या, कारण तुमचा बोनस तिथूनच येतो. जुनं गणित दोन आणि वीस, म्हणजे सांभाळलेल्या पैशावर २ टक्के मॅनेजमेंट फी आणि नफ्यातले २० टक्के. पण नफ्यातला वाटा बहुतेक ठिकाणी हाय-वॉटर मार्कच्या वरच मिळतो. फंड १०० वरून ८५ वर आला तर परत १०० होईपर्यंत नफ्याची फी शून्य, आणि ८५ वरून १०० ला जायला साडेसतरा टक्क्यांहून जास्त कमवावं लागतं. एवढ्या काळात बोनसचा घडा कोरडा, चांगली माणसं निघून जातात, राहिलेल्यांवर काम वाढतं आणि मग कल्चरचा खरा चेहरा दिसतो. ब्रिजवॉटरचा मुख्य फंड २००८ मध्ये, सगळे बुडत असताना, नफ्यात होता आणि २०२० मध्ये बारा टक्क्यांहून जास्त तोट्यात. विचारायचंच असेल तर हे विचारा: तोट्याच्या वर्षात इथे कसं वातावरण होतं?

पायरी ८: करार, आणि इथे घाई करू नका

दुसरा मोठा प्रश्न, बाहेर पडणं परवडेल का, त्याचं उत्तर इथे आहे. ऑफर लेटर दोन पानांचं असतं, करार वेगळा आणि जाड असतो, आणि बऱ्याचदा तो उशिरा पाठवतात, तुम्ही जुन्या नोकरीत सांगून मोकळे झाल्यावर. करार हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. मी तर म्हणेन हा एकच सल्ला पाळलात तरी पुरे.

नॉन-कॉम्पिट, म्हणजे सोडल्यावर ठरावीक काळ प्रतिस्पर्ध्याकडे काम करायचं नाही हे कलम, किती महिन्यांचा? या धंद्यात वर्षभर सर्रास, त्याहून जास्तही असतो. त्या काळात पैसे मिळतात का, म्हणजे गार्डन लीव्ह आहे का, आणि मिळत असतील तर फक्त बेस की आणखी काही? बोनसवर जगणाऱ्या माणसाला वर्षभर फक्त बेस म्हणजे मोठी पगारकपात. कंपनीने काढलं तरी लागू होतो का? हे सगळं लेखी.

कायदा तुम्हाला वाचवेल या भ्रमात राहू नका. एफटीसीने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी अमेरिकन सरकारी संस्था) एप्रिल २०२४ मध्ये देशभर बहुतेक नॉन-कॉम्पिटवर बंदी आणणारा नियम केला, ऑगस्टमध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो उडवला, आणि २०२५ मध्ये एफटीसीने नाद सोडला. न्यूयॉर्कमध्ये विधिमंडळाने बंदी मंजूर केली होती, गव्हर्नरने २०२३ च्या डिसेंबरमध्ये व्हेटो केला. कॅलिफोर्निया असे करार मानत नाही, आणि फ्लोरिडाने २०२५ मध्ये उलट दिशेला जाऊन ठरावीक अटींवर चार वर्षांपर्यंतचे करार चालतील असा कायदा केला. सिटाडेलचं मुख्यालय आता मायामीत आहे हे जाता जाता सांगतो. त्यामुळे तुमची नोकरी कुठल्या राज्यात आणि करार कुठल्या राज्याच्या कायद्याखाली, हे दोन्ही बघा.

वाद झाला तर कोर्ट की लवाद? लवाद असेल तर सगळं बंद दाराआड, म्हणजे तुमच्या आधी कुणाचं काय झालं ते तुम्हाला सहसा कळणार नाही. क्वचित काही बाहेर येतं. ब्रिजवॉटरने दोन माजी कर्मचाऱ्यांवर गोपनीय माहिती वापरल्याचा दावा लावला होता, तो लवादाने फेटाळला आणि त्यांच्या वकिलांचा खर्च कंपनीवर टाकला, हे २०२० मध्ये उघड झालं. ते दोघं जिंकले, पण मधली वर्षं कशी गेली असतील विचार करा. जेन स्ट्रीटने (हा हेज फंड नाही, ट्रेडिंग फर्म, पण माणसं तीच) एप्रिल २०२४ मध्ये मिलेनियमला गेलेल्या दोन ट्रेडरवर आणि मिलेनियमवर केस केली, स्ट्रॅटेजी नेली म्हणून, ती डिसेंबरात मिटवली. डोक्यात जे शिकलात ते कुणाचं, हा या धंद्यातला कायमचा भांडणाचा विषय आहे.

गोपनीयतेच्या कलमात एक गोष्ट मात्र कुणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही. गैरप्रकार दिसला तर एसईसीला सांगण्यापासून करार तुम्हाला अडवू शकत नाही. डी. ई. शॉ या मोठ्या फंडाला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये याच कारणावरून, करारातली भाषा लोकांना तक्रारीपासून रोखते म्हणून, एक कोटी डॉलरचा दंड झाला. तुमच्या करारात हा अपवाद स्पष्ट लिहिलेला नसेल तर मागा. त्यांची प्रतिक्रियाच तुम्हाला बरंच सांगेल.

एम्प्लॉयमेंट वकिलाला करार दाखवा. ओळखीतला कुणीतरी कायदा शिकलेला नव्हे, याच कामाचा. खर्च होतो, पण वर जो अडकलेल्या बोनसचा हिशोब केला त्यापुढे काहीच नाही.

पायरी ९: व्हिसावर असाल तर वेगळं गणित

एच-१बी वर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेवढ्यात नवा एम्प्लॉयर, नवं स्टेटस नाहीतर परत. आता हे नॉन-कॉम्पिटच्या शेजारी ठेवा. बारा महिने त्या क्षेत्रात काम करायचं नाही आणि ६० दिवसांत नोकरी शोधायची. पहिल्या दीड वर्षात बरीच माणसं गळतात अशा ठिकाणी व्हिसावर जाणं म्हणजे नागरिक असलेल्या सहकाऱ्यापेक्षा दुप्पट जोखीम, पगार मात्र तेवढाच. जाऊ नका असं म्हणत नाही. पण मग नॉन-कॉम्पिट कमी करून घ्या, किंवा हेज फंडांच्या धंद्याबाहेरच्या नोकरीला तो लागू नाही असं लिहून घ्या, आणि गार्डन लीव्हच्या काळात स्टेटसचं काय होतं ते इमिग्रेशन वकिलाला सही करण्याआधी विचारा. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनी कधी सुरू करते तेही, कारण "एक वर्ष बघून मग" असं असेल तर ते वर्ष नेमकं सगळ्यात धोक्याचं वर्ष असतं.

पायरी १०: नेमकं काम कुठलं

अशा मोठ्या फंडात शेकडो माणसं असतात आणि पैसा कुठे लावायचा हे ठरवणारी मोजकी. बाकी ऑपरेशन्स, टेक, क्लायंट सर्व्हिस, आणि काही ठिकाणी तर कल्चरची यंत्रणा चालवणारी टीम सुद्धा. ब्रँड एकच, पण बाहेर पडल्यावर बाजारात किंमत वेगवेगळी. तुम्ही जे टूल वापराल ते फक्त त्याच कंपनीत आहेत का? तुमचं पद बाहेर कुणाला समजेल का? इन्व्हेस्टमेंटच्या नावाने भरती करून मॅनेजमेंटच्या कामाला लावतात का, हे त्या पदावरच्या माणसाशी बोलून बघा, रिक्रूटरशी नाही.

मग ठरवायचं कसं

मी स्वतः असा बघतो. नियम वर जातात याचे दोन तरी ताजे पुरावे मिळाले, आणि नॉन-कॉम्पिट, अडकलेला बोनस, व्हिसा सगळं धरून वर्षभर बिनपगारी काढता येईल एवढी शिल्लक आहे किंवा दोन वर्षांत होईल, तर जा. कल्चर कितीही विचित्र असलं तरी जा, तिथे जे शिकायला मिळतं ते खरंच दुसरीकडे मिळत नाही. नियम वर जात नाहीत पण बाहेर पडणं सोपं आहे, तर ती एक चांगल्या पगाराची नोकरी आहे एवढंच, ठरावीक काळासाठी घ्यायला हरकत नाही, पण त्यांचं तत्त्वज्ञान घरी आणू नका. बायकोला ठिपके देणारी माणसं खरंच असतात. नियम वर जातात पण बाहेर पडणं महाग, तर करारावर घासाघीस करा, बऱ्याचदा होते. आणि दोन्हीकडे नाही असेल तर आकडा कितीही असो, नको.

ऑफरला सहसा मुदत असते, आठवडा वगैरे, आणि दबाव येतो. मुदत वाढवून मागणं अगदी चालतं, फक्त कारण ठोस द्या: "करार वकिलाला दाखवतोय, पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर देतो." जी कंपनी दिवसभर सत्य आणि पारदर्शकता म्हणते तिने या वाक्यावर नाराज व्हायचं काही कारण नाही, आणि झाली तर तीही माहितीच.

गेलात तर पहिल्या सहा महिन्यांत दोन कामं करा. आठवड्यातून एकदा, घरच्या वहीत, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही आणि कामाची कुठलीही माहिती न लिहिता, फक्त स्वतःबद्दल चार ओळी: झोप, राग, काय शिकलो, कुणाशी बोललो. आणि पायरी ३ चा कागद दर तीन महिन्यांनी काढून त्या घरच्या माणसाबरोबर वाचा, वाचताना बोलू त्यालाच द्या.